शैलजाची गारपीट आणि त्यांचा वेग

शैलजा गेल्याचं मला संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. तिचे यजमान विजयराव यांचा फोन यायच्या आधीच संचालकांचा मेसेज येऊन पडला होता... ‘आपल्या महासंगणकाच्या शिल्पकार हरपल्या.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. ज्या गृहस्थांनी तिला त्या महासंगणकाच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही, त्यांना ‘शिल्पकार’ हा शब्द सुचायला एक खास निगरगट्टपणा लागतो. तो त्यांच्याकडे मुबलक आहे.

आम्ही दोघी नाशिकच्या एकाच संस्थेत होतो. मी रसायनशास्त्र शिकवायचे, ती हवामानाची गणितं करायची. आपल्या जिल्ह्यातला पाऊस, गारपीट आधी सांगता यावी म्हणून तिने एक प्रोग्राम उभा केला होता आणि तो एका जुन्या, घरघरणाऱ्या यंत्रावर चालत असे. मग संस्थेने पुष्कळ संगणक एकत्र जोडलेलं नवं क्लस्टर, म्हणजे तोच महासंगणक, घ्यायचं ठरवलं. दोन यंत्रांतून एक निवडायचं होतं आणि निवड समितीत आम्ही दोघी होतो. बाकीच्या मंडळींनी त्याआधी निवडलेली सगळ्यांत अवघड वस्तू म्हणजे सभागृहाचे पडदे! कुठल्या प्रोसेसरमध्ये हिशेब करणारे किती कोअर, एवढं माहितीपत्रकातून मोठ्याने वाचायचं आणि एकमेकांकडे कौतुकाने बघायचं, हाच त्यांचा अभ्यास.

“नुसते कोअर वाढवून काय होणार?” शैलजा म्हणाली. “लासलगावच्या बाजारात वजनकाटे वाढवले आणि गेट एकच ठेवलं, तर ट्रॅक्टर बाहेरच उभे राहणार ना? माझ्या प्रोग्रामला मेमरीतून सारखे आकडे आत यावे लागतात. आधी गेट बघा. दोन्ही यंत्रांवर माझा प्रोग्राम चालवून बघू द्या.”

“मॅडम, हा कांद्याचा विषय नाही,” संचालक म्हणाले. सगळे हसले. ज्यात कोअर जास्त त्या यंत्रासाठी हात वर झाले... आमचे दोन सोडून.

यंत्र आलं. उद्घाटनाला वेगाचा मोठा आकडा दाखवायचा होता. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. विक्रेत्याच्या माणसाने त्याला हिशेबात वाटेल तशी काटछाट करून वेग वाढवायची मोकळीक देऊन टाकली. बेरजा मागेपुढे झाल्या, फार बारीक आकडे सरळ शून्य धरले गेले. शैलजाने कळवणकडे पूर्वी होऊन गेलेली एक गारपीट त्यावर चालवून पाहिली. पडद्यावर निरभ्र आकाश! तिने ती मोकळीक काढून प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला. गारपीट जागेवर आली, वेग मात्र घसरला. एवढ्यावर न थांबता तिने जुनी बाकीची वादळंही एकेक करून तपासली. तेच.

हे सांगायला ती गेली तेव्हा मी सोबत होते. संचालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण उत्तर किती लवकर आलं ते बघा ना!”

“चुकीचंच उत्तर हवं असेल तर यंत्र कशाला, सर? मी आत्ता तोंडी देते.”

तिचा त्या खोलीतला प्रवेश बंद झाला. संस्थेच्या अंदाजांखाली आपलं नाव घालायला तिने नकार दिला आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. घरी एका छोट्या यंत्रावर, फुकट मिळणाऱ्या कंपायलरने, हळूहळू का होईना पण नीट, तिचा प्रोग्राम शेवटपर्यंत चालू राहिला. शेतकरी तिलाच फोन करायचे. अंदाज चुकला तर ती स्वतःहून फोन करून तसं सांगायची. संस्थेतून असा फोन कोणाला गेल्याचं मला तरी माहीत नाही.

शोकसभेत संचालक तिच्या ‘दूरदृष्टी’वर बोलत राहिले. मी मधूनच उठून आले.

परवा आभाळ भरून आलं होतं. मी नाशिक रोडला विजयरावांकडे बसले होते. शैलजाचा फोन सारखा वाजत होता आणि ते प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, “ती गेली हो...” एका फोनवर पलीकडचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. “ताई हायेत का? द्राक्षं झाकायची का, ते इचारायचं होतं.”

फोन ठेवून विजयराव म्हणाले, “संचालकांच्या मळ्यावरचा मुकादम. नेहमी विचारतो. ती गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलंच नाही.”

मी विचारलं, “शैलजाला माहीत होतं, मळा कुणाचा ते?”

“पहिल्यापासून.”

“तरी सांगायची?”

“दर वेळी,” विजयराव म्हणाले. “म्हणायची, त्या माणसाचं राहू दे... द्राक्षांनी माझं काय घोडं मारलंय?”