वाळूचं पोतं आणि वडील

वडिलांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवायचं, एवढंच मला जमवायचं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचे पाय कामातून गेले होते. रोज सकाळी शेजारच्या दोघा भावांना हाक मारावी लागे आणि ते आले की वडील भिंतीकडे तोंड फिरवत. उभी हयात कोल्हापूरच्या तालमीत भल्याभल्यांना उचलून आपटलेला माणूस. त्यांना ते सोसत नव्हतं आणि मला बघवत नव्हतं.

म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी जिम लावली. तिथला ट्रेनर भारी शिस्तीचा. छातीसाठी बेंच प्रेस, खांद्यांना डंबेल्स, पाठीसाठी वरून दांडा ओढायचं मशीन आणि शेवटी वजनं लावलेला दांडा जमिनीवरून उचलायचा. सहा महिन्यांत दंड असे भरले की ब्लाउजांच्या बाह्या उसवाव्या लागल्या. मी ऐटीत वडिलांना दंड दाखवले.

"दिसायला झ्याक हाय. आता उचल बघू मला," ते म्हणाले.

काखेतून हात घालून मी जोर लावला, पण ते तसूभर हलले नाहीत. आजारपणात ते इतके वाळले होते की जिममधला दांडा त्यांच्याहून जड होता.

"लोखंडाला धरायला मूठ असती. माणसाला कुठं हाय?" म्हणाले, आणि खाटेवर पडल्यापडल्या माझे वस्ताद झाले. पोत्यात वाळू भरायला लावली. ते पोतं कवेत घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या, मग जमिनीवर हात टेकून जोर काढायचे. पोतं कधी इकडं लवंडे, कधी तिकडं. जिममध्ये एकेका स्नायूला वेगळं शिकवलेलं सगळं इथं एकदम लागायचं. ट्रेनर रागावेल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, "ताई, पोतं हिकडंच आणा की." मी ते मोपेडवर घालून नेलं आणि त्यानं पाठ सरळ कशी ठेवायची ते दाखवलं. वडिलांचे आणि ट्रेनरचे उपकार कसे फेडू?

पोतं उठायला लागलं, तरी वडील उठेनात. एके सकाळी मी चिडून रडलेच. "आबा, तुमी पोत्याहून हलकं हाय की! मग उठत का न्हाय?"

ते हळूच म्हणाले, "कुणी कवेत घेतलं की अंग आपसूक जड करतोय मी. मातीतली खोड हाय. उचलला गेला त्यो गडी पडलाच म्हणायचं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी एवढंच म्हणाले, "मी पाडणार न्हाय तुमास्नी."

मी पुन्हा वाकले. त्यांनी हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली, एक लांब श्वास सोडला आणि अंग सैल केलं. पुढच्या क्षणी ते खुर्चीत होते. ज्याला उचलायचं, त्यानंच मला उचलू दिलं होतं.

तेवढ्यात रोजच्यासारखे शेजारचे दोघे दारात आले. वडिलांनी आज तोंड फिरवलं नाही. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "जावा रं माघारी! लेकीनं उचललंय मला!"