विकतचा वानोळा

मोबाईलमध्ये मला सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर त्या फुलीचा. जाहिरात पडदाभर पसरलेली आणि ती बंद करायची फुली मोहरीच्या दाण्याएवढी, तीही कोपऱ्यात लपवलेली. बोट जरा इकडेतिकडे झालं की जाहिरात बंद होण्याऐवजी आणखीच उघडते. पाहुण्यानं 'निघतो' म्हणत दारापर्यंत जावं आणि परत येऊन पंख्याखाली बसावं, तसला प्रकार.

वर्ध्याला आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हाच विषय असायचा. डबे उघडले की एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात फोन. माझ्या समोर बसणारी सहकारी समुद्रपूरकडची, जिभेची तिखट. ती एकदा वालाच्या शेंगांची भाजी कशी करतात ते बघत होती. फोडणी पडायच्या आत गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. ती घालवली तर कर्जाची आली.

"बाप्पा! मी शेंगा पाहून राह्यली अन् हा माहे गुडघे विचारून राह्यला," ती म्हणाली. "इकडे तेल जळून गेलं असतं न!"

"फोन ऐकते म्हणतात सगळं," दुसऱ्या कोणीतरी सांगितलं.

"ऐकते तर ऐकू दे. माह्या सासूनं आयुष्यभर ऐकलं, तिच्यानं काही झालं नाई."

आम्ही हसलो. तेवढ्यात तिच्याच फोनवर एक गंभीर आवाज सुरू झाला. काळ्या पडद्यावर एक वांगं, वांग्यातून निघणारी अळी आणि प्रश्न: 'तुमचं अन्न कुठून येतं, तुम्हाला माहीत आहे का?' पुढे भाज्या धुण्याचं कसलंसं निळं पाणी विकायचं होतं त्यांना. पण प्रश्न असा दरडावून विचारला होता की टेबलावरचे सगळे आपापल्या डब्यात बघायला लागले.

"माहीत आहे," मी फोनला म्हटलं. मला राहवलंच नाही. "वांगं दादाच्या वाडीतलं, वर पेरलेला हिरवा सांबारही तिथलाच. तुरीची डाळ वावराच्या कडेला, धुऱ्यावर लावलेल्या तुरीची. तू कुठून आलास ते सांग."

"तुमच्या भाजीले तर गाव-गोत्र सगळंच राह्यते, मॅडम," ती समुद्रपूरवाली म्हणाली.

तिनं चेष्टेत म्हटलं, मी मात्र खऱ्यानं फुगले. कारण ते खरंच होतं. सिंदीला रुळांच्या पलीकडे आमची भाजीपाल्याची वाडी आहे. तेच माझं माहेर. दादा आणि वहिनी तिथे वांगी, वाल, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर करतात. वहिनी आठवडी बाजारात बसून तो माल विकायची. आणि पहिल्या तोड्याचा वानोळा माझ्याकडे यायचा.

वानोळा म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी समजावून सांगत नाही, चालायला शिकावं तसं ते कळतं. वावरात नवं काही निघालं की ते आधी बाजारात जात नाही. थोडं मारुतीपुढे, थोडं शेजारीपाजारी आणि बाकीचं लेकीबाळींच्या घरी. त्याचं वजन करायचं नाही. आणि तो मागायचा तर मुळीच नाही. दादा सकाळच्या गाडीनं येणाऱ्या दूधवाल्याच्या हाती थैली द्यायचा. मी ती उघडून अर्धं खालच्या मजल्यावर, थोडं शेजारी वाटायची. वाटताना म्हणायची, "माहेरचं आहे हो." ते म्हणताना माझी मान किती ताठ व्हायची ते मला माहीत होतं. आणि ती तशी व्हावी म्हणूनच मी वाटायची.

या हिवाळ्यात थैली आली नाही.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं. वांग्यांना बहर आला असणार, हे मला वर्ध्यात बसून कळत होतं. दूधवाला रिकाम्या हातानं यायचा आणि माझ्याकडे न बघता दूध मापायचा. मी विचारलं नाही. फोनवर दादाशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. पण मनात घर करून बसलं: माझं काही चुकलं का? वहिनीला काही लागलं का? पन्नाशीची बाई मी, नोकरी करणारी, आणि चार वांग्यांसाठी जीव खालीवर होत होता.

त्याच दिवसांत ती जाहिरात सुरू झाली. नथ घातलेली एक गोरीपान मुलगी हिरव्या शेतात उभी. पायाला चिखलाचा ठिपका नाही. हातातल्या टोपलीत वांगी आणि स्ट्रॉबेरी शेजारीशेजारी, जशी काही एकाच वाफ्यात लावली होती. खाली लिहिलेलं: 'माहेरचा वानोळा, आता थेट तुमच्या दारात!' बातम्या उघडल्या की ती, भजन लावलं की ती, पाऊसपाणी बघायला गेलं तरी तीच.

"वानोळा विकत?" मी ऑफिसात ओरडलेच. "उद्या भाऊबीजेला भाड्यानं भाऊ पाठवतील!"

"तोही मिळत असन, मॅडम. फुली दाबून पाहा."

एका संध्याकाळी दारावर माणूस आला आणि खोका देऊन गेला. खोक्यावर तीच नथवाली मुलगी, खाली कंपनीचा नागपूरचा पत्ता. मी काही मागवलं नव्हतं. पत्ता माझा होता, पाठवणाऱ्याच्या जागी दादाचं नाव होतं. आत छापील कार्ड: 'लाडक्या ताईसाठी.' दादानं जन्मात मला लाडकी म्हटलेलं नाही.

कार्डाखाली, हिरव्या कागदाच्या कातरणात, वांगी होती. धुतलेली, पुसलेली, एकेकावर चिकटवलेला गोल कागद. मी एक उचललं आणि खाली बसले. ती आमची वांगी होती. देठाशी हिरवट पांढरं, खाली जांभळ्या रेघा, देठाला बारीक काटे. आईच्या वेळेपासूनचं बी. वहिनी दरवर्षी एक वांगं झाडावर पिकू देते आणि बी राखेत घोळून ठेवते. आजूबाजूला हे वाण कोणाकडे नाही. सिंदीहून ती आधी नागपूरला गेली, तिथे त्यांनी आंघोळ केली, कपडे घातले आणि परत सिंदीवरूनच, आपल्याच वावराशेजारून, माझ्याकडे आली.

मी फोन लावला. दादा खुशीत होता.

"भेटला काय खोका? मस्त हाय न? आमाले सूट देल्ली कंपनीनं."

मग त्यानं सांगितलं. यंदा कंपनीशी करार केला. पुरा तोडा त्यांचा. गाडी वावरातच येते, काटा तिथेच लागतो. एकही वांगं दुसरीकडे जायचं नाही, असं लिहून दिलं. "तुले वानोळा पाठवता येऊन नाई राह्यला होता, मले वाईट लागे. मंग त्या माणसानंच सांगतलं, फोनवरून पाठवा म्हणे. पाठवून देल्ला."

त्याच्या आवाजात कपट नव्हतं. बहिणीला विसरलो नाही, याचा आनंद होता. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि त्या वांग्यांकडे बघत राहिले. एकही चिरावंसं वाटलं नाही. खाली कोणाला द्यावं तर काय सांगून द्यायचं? मला रडू आलं, आणि रडू आलं याचा संताप आला.

रविवारी मी खोका उचलला आणि सिंदीची गाडी धरली. गाडीत शेजारच्या बाईनं खोक्यावरचं वाचलं. "माहेरचा वानोळा. चांगला राह्यते काय हो?"

"माहेरच्या लोकायले विचाराले चालली," मी म्हटलं.

वाडीत कंपनीची गाडी उभी होती. धुऱ्यावर भरलेले क्रेट रांगेत ठेवलेले आणि कंपनीचा माणूस एकेका क्रेटचा फोटो काढत होता. वहिनी वांग्यांच्या ओळीत वाकलेली. मी खोका दादाच्या पायाशी ठेवला.

"हे तू परत घे."

त्याला आधी कळलंच नाही. "काऊन? खराब निघाले काय?"

"खराब नाई."

"मंग राग काऊन करून राह्यली, बाई? वांगे तर तेच हायेत. आपलेच."

"आपले हायेत म्हणूनच. मी काय गिऱ्हाईक हाओ तुयं?"

दादा चिडला. त्याचंही खोटं नव्हतं. "तुले तिथं बसून बोलाले काय जाते? तुई वहिनी पहाटपासून बाजारात भुईवर बसे. कंबर गेली तिची. आता गाडी वावरात येते, माल उचलते, मोकळं. त्याच्यापायी लिहून देल्लं मी. मी काय हौसेनं देल्लं?"

वहिनीची कंबर मी पाहिली होती. मी कदाचित तशीच परत निघाले असते. पण वहिनी उठून उभी राहिली. ती नवऱ्यापुढे फारशी बोलत नाही.

"आमीबी टमाट्याची चटणी खाऊन राह्यलो, बाई," ती म्हणाली. "वावर वांग्यानं भरलं हाय अन् घरात वांगं नाई. मारुतीपुढे नारळ फोडला यंदा, वांगे ठेवता नाई आले. मले लाज वाटते."

दादानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. ठरवून आले नव्हते, इतकी वर्षं मनातही आणलं नव्हतं. बाबा गेल्यावर वावरातल्या माझ्या वाट्याचं हक्कसोडपत्र मी दादाला करून दिलं होतं. आमच्याकडे बहिणी देतातच. जी देत नाही तिच्याबद्दल गाव बोलतं. दादा तहसीलमध्ये घेऊन गेला, मी सही केली, त्यानं लुगडं घेतलं, आम्ही रसवंतीत रस प्यालो. मला त्याचं दुःख नाही, तेव्हाही नव्हतं. पण वाडीत उभं राहून मी म्हटलं,

"दादा, तू म्हणला सही कर, मी केली. एक शब्द नाई बोलली. वावर सोडलं मी. वानोळा नाई सोडला."

आवाज चढला होता माझा. मागणं म्हणजे कमीपणा, असं लहानपणापासून ऐकलेली मी, भर वावरात परक्या माणसासमोर मागत होते. आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

दादा धुऱ्यावर बसला. मातीचं एक ढेकूळ उचलून हातात चुरत राहिला. वहिनीनं ओटीतली वांगी क्रेटमध्ये टाकली नाहीत, तशीच धरून उभी राहिली.

कंपनीचा माणूस घड्याळ बघत जवळ आला. वाईट माणूस नव्हता, पोटासाठी फिरणारा. "काका, उशीर होऊन राह्यला. आणि या मॅडम कोण? मालाला हात लावू देऊ नका हं कोणाला. मला वर उत्तर द्यावं लागते."

दादा उठला. हाताची माती धोतराला पुसली.

"मालकीन हाय हे या वावराची," तो म्हणाला. "माही बहीण. अर्धा हिस्सा हाय तिचा."

"पण करार तर तुमच्याशी..."

"माह्याशीच हाय. सही मी केली. तिनं केली काय तुमच्या कागदावर? तिच्या हिश्शाचा माल तुमाले कसा भेटन? सांगा तुमी वर. करार मोडत असन तर मोडा म्हणा."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी खरं काय ते सांगेन, असं त्याला वाटलं असावं. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, ते खोडलेलं आहे, माझ्याच सहीनं खोडलेलं आहे. दादाला ते माहीत होतं, वहिनीला माहीत होतं. दादा मात्र माझ्याकडे बघत नव्हता. त्याची मान ताठ होती.

"हो," मी म्हटलं. "अर्धा माझा आहे."

आणि पदर खोचून वांग्यांच्या ओळीत शिरले.

"चांगले पाहून तोडजो, बाई," वहिनी मागून ओरडली. "किडके राहू दे त्यायले."