सोलांनी सोडवलेला नट

नटाला पाना लावला आणि लगेच थांबलो. नटाबरोबर भिंतीतला अँगल कॉकही हलत होता. अँगल कॉक म्हणजे बेसिनखालचा छोटा नळ. तिथून वरच्या नळापर्यंत जी दीड फुटी नळी जाते, तिला आम्ही प्लंबर कनेक्शन म्हणतो; नट तिच्याच खालच्या टोकाचा. आणखी जोर लावला असता तर भिंतीतला एल्बो, म्हणजे पाइपचा कोपरा, तुटला असता. मग टाइल्स, चिरे, सगळंच फोडावं लागलं असतं.

बाथरूम कुणकेश्वरच्या वत्सलाकाकूंचं. समुद्र हाकेवर, त्यामुळे पितळी नट हिरवागार. काकूंची बोटं संधिवाताने आखडलेली. गोल मुठीचा जुना नळ त्यांना फिरवता येईना, दर वेळी शेजारणीला हाक मारावी लागे. म्हणून मुलगा महेश मुंबईहून दांडीचा नवा नळ घेऊन आला होता. पण जुनाच निघेना म्हटल्यावर तो वैतागला.

"आये, ह्या काय होवचा नाय. तू माझ्या वांगडा मुंबयक चल."

"माका खंय जावचा नाय," काकू म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मलाच वाईट वाटलं.

गंज सोडवायचा स्प्रे मारून झाला. नट ढिम्म. तेवढ्यात काकू वाटीत भिजवलेली सोलं, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घासायची आमसुलं, घेऊन आल्या.

"ही सोलां बांध रे तेका."

"काकू, ह्यो नट आसा, तांब्यो नाय!"

"पितळच मा ता?"

हसू दाबत मी सोलं चिंधीत घालून नटाला बांधली. चहा झाला, महेशचं मुंबईपुराण ऐकून झालं. तासाभराने चिंधी सोडली, तर हिरवा थर पार मऊ! एका पान्याने कॉक धरला, दुसऱ्याने नट आधी किंचित आवळला, मग उलटा फिरवला. कट्! सुटला! मी चक्क ओरडलो. पंचवीस वर्षं पाने फिरवतोय, पण इतका आनंद क्वचितच झालाय.

पुढचं काम सोपं. नवा नळ बसवला, नवं कनेक्शन लावलं. इथे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नसते, आतला रबरी वॉशरच पाणी अडवतो. नट हाताने आवळायचा, वर पान्याचा पाव फेरा. खाली कोरडा कागद अंथरून टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. कागद कोरडाच राहिला.

काकूंनी बोटं न लावता मनगटाने दांडी उचलली. पाणी धो धो. बंद केलं, परत सुरू केलं. चार वेळा.

महेश बघत राहिला. मग म्हणाला, "बरा. रव तू हंयसरच."

काकूंनी पाचव्यांदा नळ उघडला आणि तोंड धुतलं. डोळे पुसायचे होते, हे आम्हा दोघांनाही कळलं.

तेव्हापासून गिऱ्हाईक काही सुचवायला लागलं, की मी निदान तासभर तोंड बंद ठेवतो.