चार टोपल्यांतली एक

परवा आमच्या वीजघरात चाचणी होती. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही...

मी कल्याणजवळच्या वीजघरात नोंदी ठेवतो. ठाण्याला सातवीनंतर शाळा सुटली, पण अक्षर बरं आणि बेरीज पक्की, म्हणून हे काम मिळालं. बॉयलरमध्ये कोळसा किती गेला, मीटरवर वीज किती आली, तेवढंच लिहायचं.

परवा मात्र इंजिनियरसाहेबांनी कोळशाची प्रत्येक ढकलगाडी काट्यावर चढवायला लावली. कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा किती भागाची वीज झाली, ते मी काढायचं होतं. रीत त्यांनी आदल्या दिवशी शिकवली होती.

आगीवर सखाराममामा होते. मूळचे साताऱ्याकडचे, अकरा वर्षं तोच बॉयलर सांभाळतायत. मी दर गाडीला काटा दोनदा तपासायचो, म्हणून चिडवत होते... "अरे कारकून, पेन्सिलीनं कोळसा पेटला असता तर मी कशाला घाम गाळला असता?"

संध्याकाळी उत्तर काढलं. शेकडा पंचवीस! म्हणजे चार टोपल्या कोळसा जाळला, तर वीज एकाच टोपलीची. तीनदा भागाकार केला... तेच उत्तर.

मामांना हेड फायरमन, म्हणजे आगीवरच्या सगळ्यांचा मुख्य, करायचं घाटत होतं. हा कागद बघून कोण करणार? ठपकाच यायचा. दोनाच्या जागी सात केला की पंचाहत्तर होतात... खोडरबर हातात घेतलंही. पण धीर झाला नाही.

तसाच कागद साहेबांसमोर ठेवला. मामा शेजारीच उभे होते, मला तर त्यांच्याकडे बघवेना.

साहेब म्हणाले, "शाब्बास सखाराम! या जुन्या यंत्रांवर एवढं मी पहिल्यांदाच बघतोय."

मला काही कळेना. "पण साहेब, तीन टोपल्या वाया गेल्या ना..."

साहेब ट्रेनिंगला अमेरिकेत राहून आलेत, ते तिथलं सांगू लागले. तिथं म्हणे काही वीजघरांत जमिनीतून निघालेला गॅस नळानं थेट बॉयलरला येतो. कोळसा फोडायला नको, राख उपसायला नको.

"राखच न्हाई? मग मानसं दिसभर करत्यात काय?" मामांनी विचारलं.

"वाफेच्या दाबाची घड्याळं बघतात," साहेब हसले. "पण तिथल्या नव्या यंत्रांवरसुद्धा तीन भागांतल्या जेमतेम एकाची वीज होते."

त्यातही गॅसचा हात थोडाच, म्हणाले. राखेत न जळलेला कोळसा उरत नाही आणि आगीला गरजेहून जादा हवा कमी सोडावी लागते, एवढंच. उलट गॅस जळताना पाण्याची वाफ जास्त तयार होते, ती आपली उष्णता घेऊन चिमणीतून निघून जाते. खरा फरक पडतो तो टर्बाइनला जास्त तापलेली वाफ दिल्यानं.

म्हणजे कोळसा असो की गॅस, आग आपलं सगळं कुणालाच देत नाही...

"मग बाकीची उष्णता जाते कुठं?" मी विचारलं. साहेब आम्हां दोघांना मागच्या बाजूला घेऊन गेले. टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करायला नदीचं पाणी आत घेतात, ते तिथून परत बाहेर पडतं.

"थोडी चिमणीतून, बाकीची ही. घाला हात."

पाणी कोमट होतं. केवढा मोठा पाट, एकसारखा वाहणारा... आणि सगळाच्या सगळा कोमट!

मामा उकिडवे बसले, दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि कितीतरी वेळ काढलेच नाहीत. "अकरा वर्सं मी जाळल्यालं हितनं जातंय व्हय..." एवढंच बोलले.

काल साहेबांनी मामांच्या बढतीची शिफारस लिहायला मलाच बसवलं. पंचवीसचा आकडा आला तेव्हा मी टाक पुसून नवी शाई घेतली... एवढ्या मानानं मी आजवर कुठलाच आकडा लिहिलेला नाही.