वकीलसाहेबांची बाजू

आमच्या कॉलेजात देवाला वकील एकच होता, आणि तो ख्रिस्ती होता. देव मानणाऱ्यांची तशी काही कमी नव्हती. दर गुरुवारी अक्कलकोट गाठणारे अकाउंटन्सीचे सर होते, कपाळभर विभूती लावून परीक्षेच्या पर्यवेक्षणाला येणाऱ्या मॅडम होत्या. पण विज्ञान मंडळाच्या वार्षिक वादसभेत ‘ईश्वर आहे का?’ हा विषय निघाला, की ही सगळी मंडळी एकदम वैज्ञानिक होत आणि पंख्याकडे बघत बसत. उभे राहायचे ते फक्त संख्याशास्त्राचे आमचे वकीलसाहेब. हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. विरुद्ध बाजू माझ्याकडे असे. मी तत्त्वज्ञान शिकवायचो, आणि देव नाही असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

ते मूळचे नातेपुत्याचे. वर्गात शुद्ध बोलायचे, पण वादाला तोंड फुटलं की गावची भाषा वर यायची. प्राचार्यांनी त्यांना एकदा बाजूला घेऊन सुचवलं, की सर, येशूचं नाव कशाला, नुसतं ‘एक शक्ती आहे’ म्हणा, कुणालाच खटकणार नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “शक्ती म्हटलं की सगळ्यांचं भागतं, सर. पण मी शक्तीला हाका मारत न्हाई. ज्यानं मला उचललं त्याचं नाव घेतो. पटलं न्हाई तर खुशाल पाडा मला.” प्राचार्यांनी पुन्हा काही सुचवलं नाही.

आमचा शिपाई मल्लप्पा त्यांचा मोठा चाहता. एका वादसभेच्या आधी त्यानं गळ घातली, “सर, देवाच्या बाजूनं बोलतायच, तर आमच्या सिद्धेश्वराचं बी नाव घ्या की.” दुसरा कुणी हसून हो म्हणून गेला असता. हे नाही म्हणाले. आपण सगळ्यांचा ठेका घेतलेला नाही, पण मल्लप्पा स्वतः उठून बोलणार असेल तर पहिली टाळी आपली, असं त्यांनी त्याला सांगितलं. मल्लप्पा उठला नाही, पण नाताळात त्यांच्या घरून करंज्या-चकल्यांचा डबा यायचा, त्यातला पहिला वाटा त्याचा असे.

वादसभेच्या शेवटी पोरांचा कौल घेत. ज्याला जी बाजू पटली, तिच्यासाठी हात वर. वकीलसाहेबांना तीन-चार हात मिळायचे, त्यातले दोन संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलचे मार्क डोळ्यांसमोर ठेवून वर झालेले असत, हे मी त्यांना तोंडावर सांगायचो. ते पोट धरून हसायचे आणि मला कँटीनला ओढत न्यायचे. पण हरणं त्यांना लागत नसे, असं मात्र नाही. चहा पिता पिता एकदा म्हणाले, “एकदा तरी तुमचं एखादं पोरगं मनापासून पटून माझ्याकडं यावं. आयुष्यात एवढंच मागणं हाय बगा.”

त्यांची एकुलती एक मुलगी एस्तेर आमच्याच कॉलेजात आली, आणि त्या वर्षी कौलाला तिनं पहिल्या बाकावरून हात वर केला तो माझ्या बाजूनं. सभागृह हसून लोळलं. वकीलसाहेबांना इतका अभिमान वाटलेला मी कधी पाहिला नव्हता. पुढे महिनाभर स्टाफरूममध्ये येईल त्याला सांगत होते, की पोरीला माझं भाषण पटलं न्हाई आणि तिनं बापाची भीड ठेवली न्हाई.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एस्तेरला ताप आला. डेंग्यू निघाला आणि आठवड्यात ती गेली. ते दवाखान्याच्या जिन्यात गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करत होते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. दफनभूमीत मूठभर माती टाकताना त्यांचा हात उघडेना. त्यांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

त्या वर्षी वादसभा रद्द करावी असं मी सुचवलं. ते ऐकेनात. मी उभा राहिलो आणि कसंबसं बोललो. देव दयाळू असेल तर लेकरं का मरतात, हा माझा दरवर्षीचा ठेवणीतला मुद्दा होता. तो मी गाळला. ते उठले, माझ्याकडे बघून म्हणाले, “सरांचा एक मुद्दा राहिला. तो मीच मांडतो.” आणि माझा मुद्दा त्यांनी मांडला, मला कधी जमलं नव्हतं इतक्या ताकदीनं. शेवटी ते म्हणाले, “याला माझ्याकडं उत्तर न्हाई. रोज त्याच्याशी भांडतो. पण भांडतो ते त्याच्याशीच. माझी बाजू हीच हाय.”

कौल घेतला. त्यांच्या बाजूनं सगळे हात वर झाले. अकाउंटन्सीचे सर, मॅडम, दाराशी उभा मल्लप्पा, सगळ्यांचे. माझाही.

त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि त्यांचा चेहरा दफनभूमीतल्यापेक्षा वाईट झाला. दया आणि पटणं यातला फरक त्यांना कुणी शिकवायला नको होता. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “सर, हात खाली घ्या. निदान तुम्ही तरी.”

मी हात खाली घेतला. ते त्यानंतर कधीही वादसभेत बोलले नाहीत. वर्षभरात निवृत्ती घेऊन नातेपुत्याला गेले.

गेल्या वर्षी ते वारले. मी नातेपुत्याला पोचलो तेव्हा छोट्याशा चर्चमध्ये अंत्यविधीची उपासना चालू होती. पाळकांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मी शेवटच्या बाकावरून उठलो. लोक वळून बघू लागले. मी म्हणालो, “मी देव मानत नाही. इथं उभा राहूनही मानत नाही, हे आधी सांगतो, नाहीतर वकीलसाहेब मला खाली बसवतील. पण माझं खोडून काढायला हा माणूस दरवर्षी माझ्यासमोर उभा राहायचा. आता मी भांडू कुणाशी?”

एवढं बोलून मी बसायला वळलो. पहिल्या बाकावर बसलेल्या वहिनींनी मागे वळून पाहिलं, आणि त्यांच्या शेजारी घरच्या माणसांची जागा होती, तिथं मला बोलावलं.