बहिणीला सांगितलेली गोष्ट

भावाच्या शेतवाटेसाठी मी सतरा अर्ज लिहिले. सोळांवर पोचेचा शिक्का आहे. सतराव्याच्या दिवशी शिक्का मारणारा कारकून रजेवर होता. मे महिन्यात शेलार गावात आमच्या माहेरच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर गोदामाची भिंत उभी राहिली. आधी घरापासून बांधापर्यंत तीनशे चाळीस पावलं होती. भिंतीला वळसा घालून दोन हजार शंभर झाली. मी दोनदा मोजली. वळशाच्या वाटेने ट्रॅक्टर जात नाही, म्हणजे भात लावलं तरी कापून घरी आणायचं कसं, हा प्रश्न होता.

मी टेमघरला राहते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण माहेरचे कागद अजून माझ्याकडेच असतात. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. त्याला कागदाचा कंटाळा.

माझी मुलगी फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकते. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी तिचा दुपारीच व्हिडिओ कॉल आला. कॉलेजला सुट्टी होती.

"कसली गं सुट्टी?"

"क्रांतिकारकांची. आमच्या घरमालकीणबाई सांगत होत्या, इथल्या लोकांनी स्पेनविरुद्ध बंड केलं तेव्हा आधी आपापले कराचे दाखले फाडले. सगळ्यांनी मिळून, टराटरा."

"दाखले फाडले?"

"आई, तुझा चेहरा बघ! तुझं रेशनकार्ड नाही फाडलं कुणी."

ती हसत होती, मला मात्र धक्का बसला. तो दाखला म्हणजे त्या माणसाची ओळख. तो जवळ नसेल तर शिक्षा. आणि त्याची दुसरी प्रत कुणाकडेच नसणार. मी लाइटबिलाचीसुद्धा झेरॉक्स ठेवते. माणसं इथवर येतात कशी, हे मला क्रमाने समजून घ्यायचं होतं. मुलीने वाचायला बरंच पाठवलं. मी वहीत सालं मांडली.

स्पेनचं राज्य १५६५ ते १८९८, म्हणजे तीनशे तेहेतीस वर्षं. पुरुषांना वर्षाला चाळीस दिवस वेठबिगार. मठांच्या ताब्यात गावंच्या गावं. १८७२ मध्ये एका शिपायांच्या उठावाचं निमित्त करून तीन देशी पाद्र्यांना गळा आवळून मारलं. त्यांचा त्या उठावात हात असल्याचा धड पुरावाही नव्हता. पुढची वीस वर्षं शिकलेल्या लोकांनी काय केलं? अर्ज. लेख. वर्तमानपत्र. आम्हालाही तुमच्या संसदेत जागा द्या, कायदा सगळ्यांना सारखा लावा, एवढंच मागणं. एका गावच्या कुळांनी मठाच्या खंडाविरुद्ध रीतसर तक्रार केली. उत्तर म्हणून सैन्य आलं आणि त्यांना घरांतून बाहेर काढलं.

हे वाचून मी माझी अर्जांची फाइल कपाटात आतल्या बाजूला सरकवली. का, ते सांगता येत नाही.

१८९२ मध्ये त्यांच्यातल्या एका डॉक्टर लेखकाने सुधारणांसाठी एक संघ काढला. चार दिवसांत त्याला पकडून दूरच्या बेटावर हद्दपार केलं. त्याच सुमारास काही साध्या माणसांनी, कारकून, कामगार अशांनी, गुप्त मंडळ काढलं. शपथेवर सही स्वतःच्या रक्ताने. चार वर्षं ते वाढत राहिलं, सरकारला पत्ता नाही.

एवढं बुधवारपर्यंत वाचून झालं. बुधवारी भाऊ घरी आला. पिशवीत शिराळी होती. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेना.

"ताय, कुणाला बोलू नको. येत्या रविवारी आम्ही भिंत पाडतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"बारा जण हाव. पहारी हायेत, घण हाय."

"अरे, तहसीलदारांकडे तारीख मिळणार आहे. मी अठरावा अर्ज..."

"तुझा अर्ज खाऊन म्हशीपण दूध देत न्हाय." तो हसला. "मी फकस्त तुला सांगितलं. घरातपण न्हाय सांगितलं."

तो गेला आणि मला काही सुचेना. त्याला दोन मुली. गोदामाचे रखवालदार सात, मी मोजलेले. कुणाचं डोकं फुटलं तर? गुरुवारी सकाळी मी शेलारच्या पोलीस पाटलाला फोन केला. तो आमचा सख्खा चुलतभाऊ. दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळते. मी त्याला भाऊ म्हणून सांगितलं. तो पोलीस पाटीलही आहे, आणि अशी गोष्ट कानावर आली की वर कळवणं हे त्याचं काम आहे, हे मला ठाऊक होतं. तरी बोलताना मनात आलं नाही. आमच्याकडे घरच्या माणसाला घरचाच समजतात, मग त्याच्याकडे कुठलंही पद असो.

"तू नको काळजी करू, ताई," तो म्हणाला. "मी बघतो."

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून मी पुढचं वाचायला घेतलं. मंडळ उघडकीला कसं आलं? छापखान्यातल्या एका सभासदाचं सोबत्याशी भांडण झालं. त्याने मंडळाची गोष्ट आपल्या बहिणीला सांगितली. ती ख्रिस्ती जोगिणींच्या अनाथाश्रमात राहायची. ती घाबरून रडायला लागली. जोगिणीने विचारलं, तिने सांगितलं. जोगिणीने भावाला पाद्र्याकडे धाडलं. पाद्र्याने छापखान्याची झडती घेतली आणि धरपकड सुरू झाली.

मी ते पान तीनदा वाचलं. शेजारीण दारात येऊन "काय झालं, रक्तदाब वाढला का?" विचारत होती. मी पान उलटलं.

पुढे लिहिलं होतं की गुपित फुटल्यामुळे थांबायला वेळच उरला नाही. निसटलेले सभासद शहराबाहेर जमले आणि तिथे दाखले फाडले गेले. नेमक्या तारखेवर तिथल्या अभ्यासकांचंही एकमत नाही. त्या हद्दपार डॉक्टर लेखकाने बंडाला नकार दिला होता, तरी डिसेंबरात त्यालाच गोळ्या घातल्या. अर्ज लिहिणाऱ्याला.

मी भावाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला.

शनिवारी सकाळी पाटलाने त्याला गाठून सांगितलं, उद्या बंदोबस्त लागणार आहे, गुपचूप बस. भाऊ बसला नाही. त्याच दुपारी बारा जणांनी भिंतीचा नऊ फूट भाग पाडला. रखवालदार जेवायला गेले होते, कुणाला खरचटलंही नाही. संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. भाऊ दोन रात्री कोठडीत होता, सोमवारी जामीन झाला.

मंगळवारी मी शेलारला गेले. तो पाडलेल्या जागी विटा बाजूला रचत होता. मी वाटेत ठरवून आले होते की आधी सांगायचं, मग बसायचं.

"पाटलाला मी सांगितलं."

त्याने हातातली वीट खाली ठेवली. "म्हाईत हाय. तुझ्याबिगर सांगितलंच कुणाला व्हतं मी? ते अकरा तर संगती व्हते."

"मग बोलला का नाहीस? मला शिव्या तरी दे."

"शिव्या काय द्यायच्या." तो बांधाकडे बघत राहिला. "खरं सांगू ताय? रविवार उजाडला असता तर मी गेलो नसतो. शुक्रवारीच मन मागं फिरलं व्हतं. पाटील आला नि म्हटलं, आता त्यांना कळलंच हाय, तर कशाला थांबायचं."

त्याने राग धरला असता तर सोपं गेलं असतं. मी त्याला वाचवायला फोन केला होता, आणि त्याच फोनने त्याच्या हातात घण दिला.

"आता केसचे कागद तूच सांभाळ," तो म्हणाला. "झेरॉक्स काढून ठेव."

मी घरापासून बांधापर्यंत चालत गेले. तीनशे बेचाळीस. दोन पावलं जास्त पडली, विटांमुळे.

रात्री मुलीला विचारलं, त्या बहिणीचं पुढे काय झालं? तिने घरमालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शाळेत आम्हाला तिच्या रडण्यापर्यंतच शिकवलं.