मी दिलेले दोन ठिपके

"डोळे मिटा अन् आइका," असं म्हणून मामा टेस्टरचा दांडा खाली दाबायचे. स्वतःही डोळे मिटून घ्यायचे. नोझलमधून डिझेल सुटताना कुर्र कुर्र असा बारीक आवाज यायचा. तो सलग आला की मामा मान हलवायचे. मध्येच अडखळला की त्यांचा चेहरा बदलायचा, आतल्या खोलीत कुणी आजारी माणूस खोकल्यासारखा.

ट्रकच्या मागं अडकून तुम्हीही कधीतरी काळ्या धुराचा लोट तोंडावर घेतला असेल. त्या धुराचं मूळ बहुतेक वेळा हातात मावणाऱ्या एका वस्तूत असतं. इंजेक्टर म्हणतात तिला, आणि तिच्या टोकाला असते ती नोझल. तिनं डिझेल धुक्यासारखं फवारायचं. धुकं पडलं तर गाडी घाट चढते. थेंब पडू लागले तर आधी धूर येतो आणि मग एक दिवस पिस्टन जळतो. धुकं पडतंय की थेंब, हे मामा कानानं ओळखायचे.

सगळे ट्रकवाले त्यांना मामाच म्हणत. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडं आतल्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. सगळ्या गल्लीत ऑइलचा चिखल, आणि या शेडमध्ये मात्र चपला बाहेर काढून जायचं. ड्रायव्हर लोक थट्टा करायचे. "मामा, आत गणपती बसवलाय का?"

"गणपती नाय, सुई हाय," मामा म्हणायचे. "नोझलीतली. देवाला धूळ चालंल, तिला नाय."

दुसरा नियम हातांचा. दांडा दाबायच्या आधी मामा मागं वळून न बघता म्हणायचे, "हात मागं." त्यांच्या उजव्या तर्जनीचं पेर नव्हतं. तरुणपणी फवाऱ्यासमोर बोट गेलं होतं. टाचणी टोचल्याइतकंही दुखलं नाही म्हणे, म्हणून ते दिवसभर काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी बोट काळं पडलं. ही हकीकत ते हसत सांगायचे, आणि ऐकणाऱ्यांचे हात आपोआप पाठीमागं जायचे. मीही शाळेतल्यासारखा हात मागं बांधून उभा राहायचो. मला त्या फवाऱ्याची फार भीती वाटायची. दिसत नाही, दुखत नाही, आणि आत शिरलेलं असतं.

मामा मूळचे करमाडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडिलांमागं कळप राखता राखता कान तयार झाला, असं ते सांगत. कुठलं मेंढरू खोकलं हे अंधारात ओळखायला यायचं, मग लोखंडाचं काय अवघड? तिथलीच आणखी एक रीत त्यांनी शेडमध्ये आणली होती. कळप एकमेकांत मिसळले तर आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात. मामा तपासून पास केलेल्या प्रत्येक इंजेक्टरवर काडेपेटीच्या काडीनं लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायचे. जिथं टोपीचा नट आणि बॉडी भेटतात, बरोबर त्या सांध्यावर. कुणी नट फिरवला की ठिपका फुटायचा. जो इंजेक्टर मनाला पटला नाही त्याच्यावर ते ठिपका देत नसत, मग मालक कितीही गयावया करो. "खूण केली म्हंजी ते माझं झालं," म्हणायचे. ट्रकवाले ठिपका बघून घाटात गाडी घालायचे. मामांकडं दुसरी इस्टेट नव्हती.

आता माझं सांगतो.

मी त्याच रस्त्यावर ट्रकच्या एका डीलरकडं वॉरंटीच्या टेबलावर होतो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी तिशीतला होतो. नव्या गाडीत बिघाड झाला तर तो कंपनीचा दोष की मालकाचा, हे कागदावर मांडायचं माझं काम. कंपनीचा नियम असा की वॉरंटीतल्या गाडीचे इंजेक्टर डीलरच्याच वर्कशॉपमध्ये उघडायचे. बाहेरच्या माणसाचा हात लागला की वॉरंटी गेली. आणि आमची गोष्ट अशी की आमचं टेस्टर मशीन वर्षभर बंद पडलेलं होतं. तेव्हा मी इंजेक्टर पिशवीत घालून, मोटारसायकलवरून गुपचूप मामांकडं न्यायचो आणि कागदावर "आमच्या वर्कशॉपमध्ये तपासले" असं लिहायचो. मामांना हे ठाऊक होतं. ते म्हणायचे, "कागद तुमचा, काम माझं."

पैठणचा एक ट्रकमालक होता. एकच गाडी, तीही स्वतः चालवायचा. जालन्याहून लोखंडी सळई भरायची आणि कन्नडचा घाट उतरून खानदेशात टाकायची. नवी गाडी सहा महिन्यांत काळा धूर ओकू लागली. आमच्या दारात गाडी लावून तो रोज माझ्या टेबलासमोर बसायचा. "काय वॉरंटीसाहेब, तुमची वॉरंटी गाडी उभी असंपर्यंतच असती का?" असं विचारायचा आणि माझाच चहा प्यायचा.

त्याचे सहा इंजेक्टर मी मामांकडं नेले. मामांनी चारांवर ठिपके दिले आणि दोन बाजूला ठेवले. "हे कारखान्यातूनच थकून आलेत. लावू नका. नवे मागवा."

मी मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, नवे यायला दहा दिवस, आणि हा माणूस तीन दिवस थांबायचा नाही. आहेत तेच बसव, नवे आले की बदलू. पण आमचा हेडमिस्त्री ठिपक्याशिवाय इंजेक्टर हातात घेत नसे. दुपारी तो जेवायला गेला होता. बॉडीशॉपमध्ये लाल पेंटचा डबा उघडाच होता. मी काडी बुडवली आणि त्या दोन्हींवर ठिपके दिले. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मिस्त्रीनं जेवून येऊन सहाही बसवले.

नंतरचे दिवस मी धूर बघत रस्त्यानं जायचो. कुठलाही ट्रक काळा धूर सोडताना दिसला की मोटारसायकल पुढं काढून त्याचा नंबर बघायचो. नवे इंजेक्टर आले नाहीत, आणि मीही कंपनीकडं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं.

पंधराव्या दिवशी गाडी कन्नडच्या घाटात, परत येताना, चढावर बंद पडली. पिस्टन जळून इंजिन जाम झालं होतं. त्या फेरीत परतीचा माल भरलेला. गाडी मागं सरकू लागली. मागच्या गाडीतल्या लोकांनी उड्या टाकून चाकांखाली दगड लावले म्हणून दरीच्या कठड्यापाशी थांबली. माणूस वाचला. मला हे फोनवर कळलं.

इंजिनाचा क्लेम मोठा, त्यामुळं कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. आवाज न चढवणारा, सावकाश बोलणारा माणूस. अशा माणसांची मला अजून भीती वाटते. त्यानं सहाही इंजेक्टर पांढऱ्या फडक्यावर मांडले आणि विचारलं, "ही लाल खूण कशाची?"

मॅनेजर माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "बाहेरच्या एका मेकॅनिकची आहे. मालकानं परस्पर उघडून घेतले असणार."

हे वाक्य बोलायला मला विचार करावा लागला नाही. ते तयारच होतं. जणू पंधरा दिवस मी तेच घडवत होतो.

"चला, त्यांनाच विचारू," इंजिनिअर म्हणाला.

त्याच्या गाडीतून आम्ही गेलो. दहा मिनिटांचा रस्ता. मामांनी एकच वाक्य बोलायचा अवकाश होता: हे तर यांनीच आणले होते. मग माझी नोकरी गेली असती, खोट्या कागदांचं सगळं बाहेर आलं असतं, पोलिसांत गेलं असतं. घरी बायकोला सातवा महिना होता. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मनात म्हणत होतो की शेड बंद असू दे.

शेड उघडी होती. मामांनी इंजिनिअरलाही चपला काढायला लावल्या. त्यानं बूट काढले, मोजे तेवढे ठेवले. फडकं बाकड्यावर पसरलं गेलं.

मामा खाली वाकले. एकेक इंजेक्टर उचलून त्यांनी उजेडाकडं धरला. चार एका बाजूला ठेवले, दोन दुसऱ्या. त्या दोन्हींवरचा ठिपका सांध्यावर नव्हताच. घाईत मी तो नुसत्या नटावर दिला होता, आणि जरा ओघळलाही होता. इंजिनिअरला त्यात काही दिसलं नाही. मामांनी ते दोन पुन्हा हातात घेतले आणि माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी ते दोन चारांत सरकवले.

"खूण माझीच हाय," ते म्हणाले.

"सगळ्यांवर?"

"व्हय. सगळ्यांवर."

"कुणी आणले होते?"

"गाड्या लई येत्यात. ध्यानात नाय."

इंजिनिअरनं लिहून घेतलं. बाहेर जाऊन तो बूट घालू लागला. मामा फडक्याची घडी करत होते. माझ्याकडं न बघता, हळू आवाजात म्हणाले, "सायेब, हात मागं घ्या. लई कापू राह्यलेत."

क्लेम नामंजूर झाला. "बाहेरील व्यक्तीकडून छेडछाड" असा शेरा पडला. तो मीच टाइप केला.

पैठणचा मालक आला तेव्हा त्यानं चहा घेतला नाही. "दुरुस्ती होईस्तोवर मी तुमच्या दारातून गाडी हालवलीच नाय, अन् नंतर कुणाला हात लावू दिला नाय. मग उघडली कुणी? मला येडं समजता का?" एवढंच म्हणाला, आणि तिथून तो तडक मामांकडं गेला. पुढचं मला हेडमिस्त्रीनं सांगितलं. मालकानं मामांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या, मग पाया पडून विनवलं की खरं काय ते बोला. मामा म्हणाले, "खूण माझी म्हणलो ना? मग गाडी बी माझी." दीड महिना खपून त्यांनी त्याचं इंजिन उभं केलं. पिस्टन जुन्या बाजारातून आणले, नोझली सहाच्या सहा नव्या, सगळं पदरचं. मालक त्या काळात शेडबाहेर बसून राहायचा. पण पिस्टन जळाल्याची बातमी ट्रकवाल्यांत पसरायला दीड महिना लागत नाही. मामांचा ठिपका होता आणि गाडी दरीत जाता जाता राहिली, एवढंच सगळ्यांना कळलं.

वर आमच्या डीलरनं वर्कशॉपच्या दारावर फलक लावला. त्यावर लाल ठिपक्याच्या इंजेक्टरचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं की अशी खूण दिसल्यास वॉरंटी मिळणार नाही. फोटोसाठी त्यांनी त्या दोन्हींतलाच एक इंजेक्टर उचलला होता. मी दिलेला ठिपका, ओघळलेला. मी रोज त्याच्याखालून आत जायचो.

मला वाटायचं, मामा येतील. आज नाही तर उद्या येतील आणि सगळ्यांसमोर बोलतील. फोन वाजला की दचकायचो. ते आले नाहीत. मग हळूहळू दुसरं काही लक्षात आलं आणि त्याची भीती जास्त वाटू लागली. ते माझी वाट बघत असावेत. एक दिवस कापणारे हात थांबतील आणि हा माणूस येऊन बोलेल, असं त्यांनी धरलं असावं. मी घरी जायचा रस्ता बदलला. बीड बायपासनं लांबून जाऊ लागलो. दीड-दोन वर्षांनी हेडमिस्त्री म्हणाला की शेडला कुलूप लागलं, मामा करमाडला गेले. मी म्हणालो, "असं का," आणि समोरचा कागद वाचू लागलो.

त्यानंतर करमाडला जायला मला आणखी सोळा वर्षं लागली. मुलगी बारावीला होती. मामा अंगणात बाजेवर बसले होते, अंगानं निम्मे झालेले. त्यांनी मला ओळखलं. मामींनी चहा आणला. मी सगळं सांगितलं, पेंटचा डबा, काडी, मॅनेजर, सगळं. सांगताना रडलो. मामांनी कप खाली ठेवला.

"हे मला काय सांगता, सायेब? मला तवाच कळलं व्हतं. ज्याला नाय ठावं, त्याला सांगा."

"कुणाला?"

"मोंढ्यापाशी गाड्या उभ्या राहत्यात. माझं गिऱ्हाईक तिथलंच व्हतं. तिथं सांगा."

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण नोझल चांगली बोलल्यावर हलवायचे तशी नाही. परत येताना मोंढ्यावरूनच, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यानंच आलो आणि थांबलो नाही. तेव्हा मी वॉरंटी मॅनेजर होतो.

मामा गेल्या वर्षी गेले. पैठणचा मालक त्यांच्या आधीच गेला होता. मी नोकरी सोडली आणि एका सकाळी मोंढ्यापाशी गेलो. टपरीवर पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत होते. घरून पाठ करून आणलेलं वाक्य मी उभ्यानंच म्हटलं: मामांनी ते दोन इंजेक्टर पास केले नव्हते, खूण मी केली होती.

शिव्यांची तयारी होती. एखाद्यानं कानाखाली मारली तर तीही खायची ठरवली होती. बाकावरच्या एकानं कपावरून मान वर करून विचारलं, "कोन मामा?"

"नोझलवाले मामा. करमाडचे."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणालाच माहीत नव्हते. ज्यांच्यासमोर त्यांचं नाव धुऊन काढायचं, त्यांच्याजवळ ते नावच उरलं नव्हतं. मी इतका उशीर केला होता.

एकानं सरकून बाकावर जागा केली. मी बसलो आणि मामा कसे होते ते सांगू लागलो. थोड्या वेळानं एकाची गाडी भरून झाली, तो उठून गेला. बाकीचे ऐकत होते.